पंचवीस वर्षांची हॉलिडे मेंबरशिप: मनीषनगरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मनीषनगरला राहणारं कुटुंब, ताई शाळेत शिक्षिका, मिस्टर बुटीबोरीला कंपनीत, दोघांचे मिळून हातात महिन्याला १ लाख १० हजार येतात, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा, सासूबाई सोबत. मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन भरलं, फोन आला, वर्धा रोडवरच्या हॉटेलात गिफ्ट घ्यायला बोलावलं, तिथे दोन तास प्रेझेंटेशन झालं. फॅमिली हॉलिडे व्हिलेजची मेंबरशिप, २५ वर्षं, दरवर्षी ७ रात्री, स्टुडिओ रूम, टॅक्स धरून ४ लाख ५० हजार. ९० हजार डाउन पेमेंट, बाकीचे ३ लाख ६० हजार १४ टक्क्यांनी ४८ हप्त्यांत. वर्षाचा मेंटेनन्स वेगळा, १८ हजार अधिक १८ टक्के जीएसटी. आणि त्याच संध्याकाळी तुम्ही कार्डानं १० हजार टोकन देऊन आल्या. आता ९० हजारासाठी ३ लाखाची एफडी मोडायची की नाही हा प्रश्न.

माझं उत्तर: घेऊ नका, एफडी मोडू नका, आणि टोकन आजच परत मागा.

पण आधी एक सांगतो. फिरायला जाणं हा वायफळ खर्च आहे असं मी अजिबात म्हणत नाही. तुम्ही मेलमध्ये लिहिलं की "मुलं मोठी होऊन राहिली, नंतर येणार नाहीत आमच्यासोबत", ते वाचून मलाच कसंतरी झालं, कारण माझी मोठी आता बारावीत आहे आणि खरंच येत नाही. आणि ही हॉलिडे व्हिलेजची कल्पनाही चांगलीच आहे, एकाच आवारात कॉटेज, पूल, पोरांना खेळायला जागा, आजीला बसायला झाड, रोज सकाळी उठून टॅक्सी शोधा हा त्रास नाही. म्हातारं माणूस आणि लहान लेकरं एकत्र असतील तर यापेक्षा सोयीचा प्रकार नाही. इंग्लंडमध्ये बिली बटलिननं १९३६ मध्ये स्केगनेसला असा कॅम्प काढला तेव्हा त्याची जाहिरातच होती की एका आठवड्याच्या पगारात एका आठवड्याची सुट्टी. नेदरलँड्समध्ये १९६८ ला सेंटर पार्क्सवाल्यांनी जंगलात कॉटेज बांधून हाच धंदा वेगळ्या थाटात केला. पण दोन्हीकडे साधा हिशोब होता, यंदा जायचं तर यंदाचे पैसे द्या, पुढच्या वर्षी नाही जमलं तर नका येऊ. तुम्हाला जे विकून राहिले ते हॉलिडे व्हिलेज नाही, ते २५ वर्षांचं बंधन आहे, आणि भांडण माझं त्याच्याशी आहे.

आता आकडे. सेल्सवाल्यानं कागदावर लिहून दिलं की साडेचार लाख भागिले १७५ रात्री म्हणजे फक्त २,५७१ रुपयांत रूम. भागाकार बरोबर आहे, पण त्यात मेंटेनन्स कुठे आहे? तो १८ हजारावर जीएसटी लावून २१,२४० होतो, तुम्ही जा की नका जाऊ, भरावाच लागतो. आणि साडेचार लाख आज दिले म्हणजे त्यावरचं व्याजही गेलं, साडेसहा टक्के धरलं तर वर्षाला २९,२५० (तुमच्या दोघांच्या पगारावर नवीन रिजीममध्ये टॅक्स बसत नाही म्हणून व्याज पूर्ण धरलं). दोन्ही मिळून ५०,४९०. सातही रात्री वापरल्या तर रात्रीचे ७,२१३ पडले. चारच वापरल्या तर १२,६२२. आणि एफडीत ठेवले असते तर २५ वर्षांनी मुद्दल तसंच असतं, इथे शेवटी हाती काही येत नाही, फक्त वापरायचा हक्क होता तो संपतो. सातबाऱ्यावर नाव नाही, रजिस्ट्री नाही, बँकेत गहाण ठेवता येत नाही. ही प्रॉपर्टी आहे असं जे तुम्हाला सांगितलं ते सरळ चुकीचं सांगितलं.

याच्याशी साध्या हॉटेलची तुलना करून पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. म्हणजे ५ हजाराची चांगली रूम ५,२५० ला पडते. अशा चार रात्री २१ हजार. तुमचा नुसता मेंटेनन्स २१,२४०! म्हणजे साडेचार लाख कुणी तुम्हाला फुकट माफ केले तरी, वर्षाला चार रात्री जाणाऱ्या माणसाला हा सौदा परवडत नाही. हे वाक्य मिस्टरांना दाखवा, कारण तुम्ही लिहिलं की त्यांना "लाँग टर्ममध्ये वसूल होईल" असं वाटून राहिलं. लाँग टर्ममध्ये तर आणखी बिघडतं, मेंटेनन्स दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढला असं धरलं तर पंचविसाव्या वर्षी तो ८६ हजाराच्या घरात जातो आणि २५ वर्षांचा एकूण मेंटेनन्स साधारण ११ लाख ६५ हजार होतो, मेंबरशिपच्या अडीच पटीहून जास्त, आणि तो किती वाढवायचा हे कंपनी ठरवते, तुम्ही नाही. हॉटेलचे भाव पण वाढतील हे खरं आहे, पण ते भाव ज्या वर्षी जाल त्याच वर्षी लागतात.

हप्त्यावर घेतलं तर महिन्याला ९,८३८ च्या आसपास बसतात, ४८ महिन्यांत १ लाख १२ हजार व्याज. पहिल्या वर्षी डाउन पेमेंट, बारा हप्ते आणि मेंटेनन्स मिळून तुमच्या खिशातून २ लाख २९ हजार जातात. तुमचा दोन महिन्यांचा पूर्ण पगार, आणि यात अजून एक तिकीट काढलेलं नाही, एक जेवण झालेलं नाही.

तुमच्याच मेलमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ सांगू? तुम्ही सहज लिहून गेल्या की मागच्या तीन वर्षांत पचमढीला २ रात्री, गोव्याला ३ रात्री आणि एका वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून कुठेच नाही. तीन वर्षांत पाच रात्री. माणूस म्हणतो मेंबरशिप घेतली की जाणं होईल, पण जाणं पैशानं अडलेलंच नव्हतं, अडलं ते सुट्टीनं. मिस्टरांना दिवाळीत चारच दिवस सुट्टी मिळते आणि शनिवारीही कामावर जावं लागते हे तुम्हीच लिहिलं. ती सुट्टी मेंबरशिप कार्डातून थोडीच निघणार आहे. माझ्या मोठ्या काकांनी अशीच घेतली होती, पहिली दोन वर्षं मोठ्या हौसेनं गेले, मग काकूंची तब्येत, मग मुलाची दहावी, मग बारावी. रात्री साठत गेल्या आणि मेंटेनन्स सुटला नाही. शेवटी कार्ड परत घ्या म्हणाले तर करारात परतीची तरतूदच नव्हती. काका हिशोबाचा पक्का माणूस होता हो, तरी फसला, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आणखी दोन गोष्टी, ज्या त्या प्रेझेंटेशनमध्ये नक्की सांगितल्या नसतील. एक म्हणजे स्टुडिओत सहसा दोन मोठे आणि दोन लहान एवढेच बसतात. तुम्ही पाच आहात. सासूबाईंसाठी एक्स्ट्रा चार्ज किंवा वरच्या साइजची रूम, म्हणजे वरचे पैसे. आणि बऱ्याच करारांत मूल १२ वर्षांचं झालं की मोठं धरतात, तुमची मुलगी तीन वर्षांत तिथे पोचते, २५ वर्षांचा करार आणि रूम तीन वर्षांत लहान पडते. दुसरं, तुम्हाला दिलेला सीझन पीकचा, म्हणजे सुट्ट्यांच्या गर्दीचा नाही, तुम्ही पाठवलेल्या फोटोत स्पष्ट दिसते. शाळेतल्या बाईला दिवाळी आणि मे सोडून सात दिवस सलग कुठून मिळणार? जेवणखाणही बाहेरचं चालत नाही असं लिहिलं आहे, रात्रीचा बुफे माणशी ८००-९०० असला तर पाच जणांचं एक जेवण चार हजार पार जाते.

कुणालाच परवडत नाही असं नाही. दरवर्षी सातही रात्री, त्याही दिवाळीत किंवा मेमध्ये, आणि त्या खरंच मिळतात असं असेल तर हिशोब फिरतो. सीझनमध्ये ९ हजाराची रूम १८ टक्के जीएसटीनं १०,६२० ला पडते, सात रात्रींचे ७४ हजार होतात, त्यापुढे तुमचे ५० हजार स्वस्तच. रिटायर झालेलं जोडपं, तब्येत धडधाकट, पैसे रोख, पीक सीझनची मेंबरशिप, अशा एकदोघांना मी स्वतः हो म्हटलं आहे. तुमचं घर आज तसं नाही.

आता टोकनचं. युरोपात टाइमशेअरच्या, म्हणजे अशाच वर्षानुवर्षांच्या हॉलिडे मेंबरशिपच्या करारातून १४ दिवसांत कारण न देता बाहेर पडता येतं, तसा कायदाच आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही. इन्शुरन्स पॉलिसीला ३० दिवसांचा फ्री-लुक, म्हणजे पटली नाही तर परत करायची मुदत मिळते, इथे कंपनीनं करारात जे लिहिलं तेवढंच. म्हणून सही केलेल्या कागदावर मागच्या पानावर बारीक अक्षरात कॅन्सलेशनची मुदत शोधा, असतील तर ते दिवस मोजून ठेवा. फोनवर बोलत बसू नका, त्या सेल्सवाल्या पोराचं कामच तुम्हाला अडवून धरायचं आहे, अजून स्वस्त ऑफर देईल, मॅनेजरला लाइनवर घेईल. मेल करा, दोन ओळी पुरे: अमुक तारखेला अमुक नंबरची पावती, मेंबरशिप नको आहे, रक्कम ज्या कार्डावरून गेली त्याच कार्डावर परत करा. सोबत स्पीड पोस्टनं एक पत्र, पावती जपून ठेवा. ऑटो डेबिटच्या फॉर्मवर सही केली असेल तर बँकेत जाऊन तो मँडेट आधी बंद करा, हे विसरू नका, पुष्कळ लोकं इथेच अडकतात. दाद दिली नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या ठिकाणी, म्हणजे नागपूरच्याच जिल्हा आयोगात तक्रार करू शकता, कंपनीचं ऑफिस मुंबईला असो की चेन्नईला. ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

मग फिरायचं कसं? ९,८३८ चा हप्ता भरायची तयारी होती न, त्यातले ५ हजार दर महिन्याला एका आरडीत टाका, त्याला घरात "फिरायचं खातं" म्हणा, मुलांना पण सांगा. वर्षाला ६० हजार आणि वरचं व्याज. यात एक मोठी ट्रिप आणि एक छोटी आरामात होते. आणि विदर्भवाल्यांकडे एक फायदा आहे जो आपण वापरतच नाही: उन्हामुळे आपल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबई-पुण्याची पोरं वर्गात बसलेली असतात, रिसॉर्ट रिकामे, रेट उतरलेले, सह्याद्रीत पाऊस लागलेला, आणि आपली पोरं घरी. शिवमडक्यावरून समृद्धीला लागलं की इगतपुरी ६२५ किलोमीटर. सासूबाई आहेत म्हणून एका दमात करू नका, शिर्डीला मुक्काम करा, त्यांचं दर्शनही होईल. इगतपुरी-भंडारदऱ्याकडे सोमवार ते शुक्रवारात साडेतीन हजाराच्या दोन रूम घेतल्या तरी जीएसटीसकट रात्रीचे ७,३५०, चार रात्रींचे २९,४००, आणि पाचही माणसं सुखानं झोपतात. मिस्टरांना त्या आठवड्याची रजा आत्ताच टाकायला सांगा. छोट्या ट्रिपला चिखलदरा किंवा पेंचजवळ सिल्लारी, शनिवार संध्याकाळ ते सोमवार. बटलिनच्या मापानं तुमचा आठवड्याचा पगार २५ हजाराच्या आसपास येते, राहण्याचा खर्च त्याच्या जवळपास ठेवला की घरावर ओझं पडत नाही.

३ लाखाची एफडी मात्र हलवू नका. तुमच्याकडे अडीअडचणीला तेवढीच आहे, गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन व्हायचं आहे असं तुम्हीच लिहिलं.

आणि जाता जाता, हे तुम्ही विचारलं नाही पण मला राहवलं नाही. बचतीच्या यादीत मुलीचं सुकन्या समृद्धी खातं दिसलं नाही. ते मुलगी १० वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं, नंतर उघडताच येत नाही. सध्या ८.२ टक्के व्याज आहे, वर्षाला २५० रुपयांपासून दीड लाखापर्यंत भरता येतात, १५ वर्षं भरायचे, १८ झाली की शिक्षणासाठी अर्ध्यापर्यंत काढता येतात. "आजच सही करा" असं त्या हॉटेलात तुम्हाला म्हटलं, ती मुदत त्यांनी बनवलेली होती, ही मात्र खरी आहे. मुलगी दिवाळीनंतर दहाची होते म्हणता, म्हणजे हातात काही महिनेच उरले. या शनिवारी शाळा सुटल्यावर तिचा जन्मदाखला, तुमचं आधार-पॅन आणि फोटो घेऊन पोस्टात जा, हप्त्याच्या उरलेल्या ४,८३८ मधले ४,८०० तिथे टाका, तिथे ५० च्या पटीतच भरता येतात.