पाच मिनिटांचं काम

दारव्हा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.एस्सी. झाली, घरीच राज्यसेवेचा अभ्यास करते. "कामं असतात पाच-पाच मिनिटांची, तरी तिचा अभ्यास पुढे सरकत नाही. मोठा अभ्यास आणि रोजची बारीकसारीक कामं यांचा मेळ बसेल असं टाइमटेबल द्या," असं ते लिहितात.

भाऊ, टाइमटेबल देतो, पण तिला नाही, तुम्हाला.

तुमच्या पत्रातली कामं मी कागदावर उतरवली. सकाळी डेअरीवर दूध. काकांची ई-केवायसी. आपल्या वावराची ई-पीक पाहणी, म्हणजे उभ्या पिकाची मोबाइलवर नोंद, मग शेजाऱ्यांचीही, कारण 'पोरीले मोबाइल समजते'. पाहुण्यांचा चहा. वेचलेल्या कापसाचा संध्याकाळी काटा, म्हणजे वजन, आणि वहीत बायांची मजुरी. अशी अकरा भरली. मुलगा अमरावतीला खोली करून हीच परीक्षा देतोय, त्याच्या नावापुढे एकही नाही. त्याला दिवसाची अख्खी नोट, हिला चिल्लर. वर "यंदा नाही जमलं तर लग्नाचं पाहू" हे फक्त हिच्यासाठी. मला काळजी या वाक्याची वाटते. डोक्यावर ते टांगलेलं असताना मुलगी कोणत्या तोंडानं चहाला नाही म्हणेल?

आणि पाच मिनिटांचं काम पाच मिनिटांत होतं, हा भ्रम काढून टाका. ई-पीक पाहणीचा फोटो घरी बसून निघत नाही, वावरात उभं राहावं लागतं. जाणं-येणं, रेंज शोधणं, ॲपचं गोल गोल फिरणं. परत येईस्तोवर दुपार होते आणि वाचलेलं पुसलेलं असतं. त्यात २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. गुण धरले जातात असे सात पेपर, प्रत्येकी २५० गुणांचे. पर्यायांचे प्रश्न चुलीपाशी बसूनही सोडवता यायचे. सलग तीन तास लिहायचा हात "बाई, जरा हे पाहून दे" अशा हाकांमध्ये तयार होत नाही.

कास्तकाराच्या घरात कामच करू नको असं कोण म्हणेल? काटा तिनेच करावा. वेचणीत हिशेब चुकला की बाया दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात दिसतात, आणि तिचा हिशेब चोख आहे हे तुम्हीच लिहिलंय. मोबाइलची सगळी कामं मात्र बाजाराच्या दिवशी दुपारी, एकदाच. शेजाऱ्यांना हे तुम्ही सांगा. तिनं सांगितलं तर 'शिकली म्हणून माजली' ठरेल. दूध तुम्ही न्या. सकाळी सहा ते दहा तिचं दार लोटलेलं राहील आणि ते कुणी उघडणार नाही. मुलगा दिवाळीत आला की पाहुण्यांचा चहा त्याच्याकडे. मी आमच्या घरी करतो, चहा बिघडत नाही.

तलाठी, पोलीस भरती, बँक हे रस्ते तिला माहीत असतीलच, फॉर्म भरत राहावेत.

तुमच्या दोन पानांत एक गोष्ट मात्र कुठे सापडली नाही: ही परीक्षा तिला स्वतःला द्यायची आहे का? पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि तुम्ही न वाचता पोस्टात टाका. द्यायची असेल तर वैकल्पिक विषय कोणता घेतला आणि का, ते तिनं कळवावं. तो एकटाच ५०० गुणांचा आहे, त्यावर बोलायला वेळ लागेल.