आधी घरी जा, मग वही उघड

प्रिय मुला,
प्रभूत सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाताळच्या वर्गणीतले १४ हजार तुझ्या मित्राने मोबाइलवरच्या रमीत घालवले. रविवारी कमिटी बसणार आहे, आणि तरुण संघाचा सचिव म्हणून तू मला विचारतोस की त्याला किती महिने प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, बंद ठेवावं. पत्रात रक्कम तीन ठिकाणी आली आहे. तू त्याच्या घरी गेलास की नाही, ते कुठेच नाही.

आधी घरी जा.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय तुला पाठ आहे, संडे स्कूलला बक्षीस घेतलं होतंस त्यावर. भाऊ चुकला तर पहिल्यांदा एकट्याने, एकांतात जायचं. नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन. चर्चच्या मंडळीपुढे नेणं ही तिसरी पायरी. तुम्ही थेट तिसऱ्या पायरीवर सतरंजी अंथरलीत.

गलतीकरांच्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो, अपराधात सापडलेल्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा. मी कित्येक वर्षं त्यातलं 'सौम्य' गाळून वाचत आलो. आपल्याकडे ताळ्यावर आणणं म्हटलं की छडीच डोळ्यांसमोर येते. याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करत होते, तिथे मूळ ग्रीकमध्ये या 'ताळ्यावर आणा'चंच क्रियापद आहे. फाटकं जाळं लांबून काठी दाखवून सांधत नाही रे. मांडीवर घ्यावं लागतं.

हे मला फार उशिरा कळलं. १९९१ साली मी मंडळीचा सचिव होतो. ढोलकी वाजवणारा एक मुलगा उपासनेला पिऊन आला. तीन ओळींचा ठराव झाला, अक्षर माझं. ठराव चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणतो. उपासनेची काही अदब असते, आणि पाळकसाहेबांनी त्याला दोनदा समज दिली होती. पण त्याचं घर माझ्या घरापासून चालत सहा मिनिटांवर, आणि मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. पुढे सुगी आली, मग नाताळ. गेलो तो अकरा वर्षांनी, त्याच्या आईच्या मातीला. मी सलाम केला. तो म्हणाला, "सलाम, सेक्रेटरीसाहेब." मूठमाती देऊन दुसऱ्या फाटकाने निघून गेला. पूर्वी मला दादा म्हणायचा.

म्हणून म्हणतो, घरी जा.

शिष्य पेत्राने येशूला ओळखत नाही म्हणून नाकारलं तेव्हा तो कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता. पुढे तिबिर्याच्या समुद्राकाठी प्रभूने त्याच्यापुढे पुन्हा कोळशाचाच विस्तव ठेवला, वर मासळी, शेजारी भाकर. न्याहारीला बोलावलं. 'माझ्यावर प्रीती करतोस काय' हा प्रश्न न्याहारी झाल्यावरचा. तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा विचारलं, म्हणजे हिशेब सोडला नाहीच. पण खायला आधी घातलं. जकातदार जक्कयाचंही तसंच. 'आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे' हे प्रभूचं आधी, जक्कयाची चौपट परतफेड नंतर. आपल्या कमिट्यांना मात्र चौपट आधी हवी असते, आणि उतरायला कोणाला सवड नसते.

पैसे परत आलेच पाहिजेत, त्यात माया नको. दरमहा हप्ता, हप्त्याला पावती. वर्गणीची पेटी आणि पावतीपुस्तक पुन्हा त्याच्या हाती देऊ नका. ते त्याच्याच भल्याचं आहे, आणि हे त्याला तोंडावर सांग, माघारी नको. प्रभुभोजनाचं पाळकसाहेब बघतील, तो अधिकार तुझाही नाही आणि माझाही नाही. गायनात त्याला कधी घ्यायचं? मी ईस्टरपर्यंत थांबलो असतो. पण थांबण्यात मी किती हुशार आहे ते तू आत्ताच वाचलंस.

पौलाच्या त्याच ओळीचा शेवट आहे, 'स्वतःकडे लक्ष दे.' तुझ्या फोनमध्ये तो खेळ आहे का, हे मी विचारत नाही. पौल विचारतोय.

पत्र मोबाइलवरच धाडतोय, टपालाने रविवार उलटून जाईल. आज गुरुवार. त्याची रात्रपाळी असते ना? मग उद्या दहाच्या सुमाराला उठलेला असेल. हिशेबाची वही नेऊ नकोस. त्याची आई चहा टाकेल, नको म्हणू नकोस.

तुझा,
काका