बाटलीत काय आहे, ते आधी सांग

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आधी जीव कळवळला, मग थोडा रागही आला. तुझ्या शी-शूच्या नमुन्याच्या पहिल्या बॅचने प्रयोगातल्या पेशी मारल्या, दुसरीने काहीच केलं नाही, आणि आता सर म्हणतात झाड बदल. तू विचारतेस, बदलू का? मी विचारते, दोन्ही बाटल्यांत एकच पदार्थ होता हे तुला कशावरून कळलं? त्याचं उत्तर मिळेपर्यंत झाडाला दोष देऊ नकोस.

शी-शूचं झाड तू निवडलंस ते चिनी पारंपरिक औषधात चालतं म्हणून. यांग्त्से नदीच्या दक्षिणेकडचं हे झाड, तिथे रस्त्याच्या कडेलाही लावतात. साल, फळं त्वचेच्या आणि पोटाच्या तक्रारींवर वापरतात. हे सगळं तू छान लिहिलं आहेस. पण नमुन्याबद्दल तुझ्या पत्रात एकच ओळ आहे: ‘वाळलेली पूड मागवली.’ अगं, पूड कशाची? पानांची की फळांची? कोवळ्या पानांची की जून? शी-शूच्या कोवळ्या पानांत कॅम्प्टोथेसिन, म्हणजे कर्करोगाच्या पेशी मारणारा तो रेणू, भरपूर असतं आणि पान जून होत जातं तसं ते उतरत जातं. पाकिटावरचं नाव म्हणजे ओळख नव्हे. पूड झालेलं झाड कोणत्याही वनस्पतिशास्त्रज्ञापुढे ठेव, तो हात जोडेल.

हा रेणू सापडला कसा, ते नीट वाच. रसायनशास्त्रज्ञ मनरो वॉल अमेरिकेच्या शेतकी खात्यात कॉर्टिझोन या औषधासाठी लागणारी स्टेरॉइडं वनस्पतींत शोधत होते. त्यांच्याकडचे अर्क कर्करोगाच्या चाचणीला गेले आणि त्यांत कॅलिफोर्नियात वाढवलेल्या शी-शूचा अर्क उंदरांमधल्या कर्करोगावर चालला. परंपरेने त्यांना वाट दाखवली नव्हती. पुढे नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनसुख वाणी त्यांच्यासोबत आले. वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग तपासायचा, गुण ज्यात दिसेल तोच पुढे न्यायचा. एकही बाटली तपासल्याशिवाय पुढे गेली नाही. १९६६ साली रचना छापून आली, ती स्फटिकावर क्ष-किरण टाकून पक्की झाल्यावरच. याच दोघांनी १९७१ मध्ये टॅक्सॉल या कर्करोगावरच्या दुसऱ्या औषधाची रचना दिली. ही शिस्त नसती तर दोन्ही रेणू हातून निसटले असते, असं मला ठाम वाटतं.

आता तुझ्या दुसऱ्या बॅचकडे ये. पत्राच्या शेवटी, जाता जाता, तू लिहिलंस की सॅम्पल पाण्यात विरघळेना म्हणून थोडा कॉस्टिक सोडा घातला आणि ‘मस्त विरघळलं’. इथेच तुझं उत्तर आहे! कॅम्प्टोथेसिनच्या एका टोकाला लॅक्टोनचं कडं, म्हणजे अणूंची बंद साखळी, असतं. सोड्यासारख्या अल्कलीत ते कडं उघडतं, त्याचं सोडियमचं मीठ तयार होतं, पाण्यात जातं, आणि गुण बराचसा हरवतो. तू जे पेशींवर टाकलंस ते कॅम्प्टोथेसिन नव्हतंच. अमेरिकेत १९७० च्या सुमारास रुग्णांवर चाचण्या झाल्या त्याही सोडियमच्या मिठावर, कारण इंजेक्शनसाठी ते सोयीचं होतं. फायदा थोडा, त्रास फार. मूत्राशयातून रक्तस्राव झाला, कारण आम्लधर्मी लघवीत तेच कडं पुन्हा मिटत होतं. चाचण्या बंद पडल्या आणि रेणू अडगळीत गेला. १९८५ मध्ये तो डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला डीएनएवर अडकवून ठेवतो हे कळलं, तेव्हा तो परत बाहेर आला. त्याच्यापासून बनवलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या कर्करोगावरच्या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली १९९६ मध्ये. रचना कळल्यापासून तीस वर्षं. म्हणून म्हणते, बाटलीत काय आहे?

या प्रश्नावरून मी आयुष्यभर भांडले. हर्बेरियम शीटशिवाय, म्हणजे झाडाचा वाळवून कागदावर लावलेला नमुना असल्याशिवाय, माझ्या नावाने एकही पेपर जाऊ दिला नाही. फांदी दाबायची, कागद रोज बदलायचा, ठिकाण, तारीख, फूल होतं की फळ ते लिहायचं. या ‘कारकुनी’वरून माझ्या विभागात मला बोल लागत. माझ्यापेक्षा धाकटे लोक पेपरांच्या आकड्यावर पुढे निघून गेले. जाऊ देत. त्यांच्या कितीतरी अर्कांचं झाड कोणतं होतं, हे आज त्यांनाही सांगता येणार नाही. माझी प्रत्येक शीट कपाटात आहे, ये आणि बघ.

सल मात्र एक आहे. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही हेच कॅम्प्टोथेसिन आहे, हे रसायनशास्त्रज्ञ गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्येच दाखवलं होतं. पुढे मागणी वाढली तशी परदेशी पाठवायला नरक्याची झाडंच्या झाडं तोडली गेली. कोणत्या खोऱ्यातल्या झाडात किती माल आहे हे मोजून ठेवण्याआधीच काही ठिकाणची झाडं संपली. ज्यांना मी ‘आधी नमुना नोंदवा’ म्हणत होते ते हसत होते. आता नोंदवायला तिथे काही नाही.

तेव्हा झाड बदलू नकोस. सरांना माझं नाव सांग हवं तर. उरलेल्या दोन्ही बाटल्यांचे ठिपके शुद्ध कॅम्प्टोथेसिनच्या शेजारी एकाच टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करणाऱ्या पातळ थरावर) दे आणि लाँग यूव्ही प्रकाशाखाली बघ. शुद्ध मालाचा निळा ठिपका वर चढेल. सोड्याच्या बाटलीतला बहुतेक मूळ रेषेपाशीच रेंगाळेल. मग त्या बाटलीतला थोडा भाग आम्ल करून ठेव आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालव; कडं मिटलं असेल तर ठिपका वर चढेल. नवा स्टॉक डीएमएसओ या द्रावकात कर, सोड्याला हात लावू नकोस, पेशींवर टाकायच्या अगदी आधी पातळ कर. पूड विकणाऱ्याला पत्र लिहून झाडाचा भाग, तोडणीचा महिना आणि ठिकाण विचार. उत्तर टाळलं तर ते पाकीट प्रबंधात वापरायचं नाही. प्लेटचा फोटो मला पाठव, दोन्ही बॅचचे पीएच त्याच्याखाली पेनने लिहून.

तुझी,
बाई