विसार देऊन अडकलात? आधी तारीख बघा

साठेखत (जमीन पुढे विकण्याचा करार) झालं, विसार दिला आणि आता जमीनमालक खरेदीखत करून देत नाही. हे मी स्वतः भोगलंय, म्हणून कळकळीनं सांगतो: आधी खरेदीखत करून मिळण्यासाठी कोर्टात दावा लावायची मुदत मोजा. करारात खरेदीखताची तारीख ठरली असेल तर तिथून 3 वर्षं. नसेल तर मालकानं नकार दिल्याचं तुम्हाला कळलं तेव्हापासून 3 वर्षं. "दिवाळीनंतर बघू हो," हे ऐकण्यात माझी अडीच वर्षं गेली. अशा तोंडी आश्वासनानं मुदत वाढत नाही.

वकिलामार्फत नोटीस पाठवा, पोचपावती जपा. उरलेली रक्कम द्यायला तयार आहोत, हे नोटिशीत स्पष्ट लिहा. पण नुसतं लिहून भागत नाही, ती तयारी कोर्टात सिद्ध करावी लागते. उलटतपासणीत मला याच मुद्द्यावर घाम फुटला होता. तेव्हा बँकेचं पासबुक आणि कर्जमंजुरीचं पत्र कामी आलं.

दाव्यात पर्यायी मागणी म्हणून विसार व्याजासह परत मागायला विसरू नका. न मागितलेला विसार कोर्ट आपणहून देत नाही.

आणखी एक, आणि हे नवखे हमखास विसरतात. दावा दाखल झाला की 'लिस पेंडन्स'ची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. महाराष्ट्रात ती नोंदवल्याशिवाय मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 चं संरक्षण मिळत नाही, म्हणजे मालकानं मधल्या काळात जमीन तिसऱ्यालाच विकली, तर त्या कलमानं तो घेणारा तुमच्या दाव्याच्या निकालाला बांधला जात नाही.

मूळ साठेखत मात्र कोर्टाखेरीज कुणाच्याही हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.