वाचक विचारतात : उत्तरेकडच्या जंगलाचे उच्छ्वास

प्रश्न : फिनलंडच्या पाइन जंगलात उन्हाळ्यात हवेतलं मोनोटर्पीन (झाडांतून वाफेसारखे उडणारे सुगंधी रेणू) रात्री वाढतं, असं वाचलं. झाडं ते रात्री जास्त सोडतात का?

उत्तर : नाही, सर्वाधिक उत्सर्जन दुपारी, सुया तापल्यावर होतं. पण तेव्हा हवा किलोमीटरभर उंचीपर्यंत घुसळली जाते आणि उन्हात तयार होणारी हायड्रॉक्सिल मूलकंही (हवेतले अतिशय क्रियाशील OH कण) हे रेणू झपाट्याने संपवतात. रात्री जमिनीलगतची गार हवा पातळ थरात कोंडते आणि तिच्यात थोडं उत्सर्जनही साचत जातं. त्यामुळे हवेतल्या प्रमाणावरून थेट झाडाविषयी निष्कर्ष काढू नये. त्यासाठी फांदीचंच उत्सर्जन मोजावं लागतं, म्हणजे फांदीवर पिशवी चढवून तिच्यातून हवा सोडायची आणि आत-बाहेरच्या हवेतला फरक पाहायचा.

प्रश्न : फांदी मोजायची कशी? आमचे आकडे पहिल्या दिवशी प्रचंड येतात, मग कोसळतात.

उत्तर : पहिल्या दिवसाचे आकडे बहुधा दुखावलेल्या फांदीचे आहेत. पाइनच्या राळनलिकांत मोनोटर्पीन भरलेलं असतं. एखादी सुई मोडली तरी ते भसकन बाहेर येतं. म्हणून पिशवी पेलणारा आधार-सांगाडा आदल्या दिवशीच बसवा आणि टेफ्लॉनची पिशवी सुयांना न घासता चढवा.

पिशवीच्या आत जाणारी हवा गाळून, ओझोन काढूनच सोडा. बीटा-कॅरिओफिलीन (झाडं सोडतात असाच आणखी एक सुगंधी रेणू) हवेतल्या नेहमीच्या ओझोनमध्ये दोनेक मिनिटांतच निम्म्याहून कमी उरतं. ओझोन तसाच राहिला तर झाड ते सोडतच नाही असं वाटेल. मँगनीज डायऑक्साइडचा थर दिलेल्या तांब्याच्या जाळ्या यासाठी चालतात. बाहेर येणाऱ्या हवेतून मिनिटाला 100 मि.ली. या वेगाने अर्धा तास, म्हणजे 3 लिटर, टेनॅक्सच्या (वाफा शोषून धरणाऱ्या पदार्थाच्या) नळीत ओढा. आत जाणाऱ्या हवेचीही एक नळी घ्या आणि रिकाम्या पिशवीचा कोरा नमुना चुकवू नका.

हिशेब असा : पिशवीतून हवेचा प्रवाह मिनिटाला 4 लिटर म्हणजे तासाला 0.24 घनमीटर. आत-बाहेरचा फरक घनमीटरला 10 मायक्रोग्रॅम आणि सुयांचं सुकं वजन 6 ग्रॅम असेल, तर उत्सर्जन तासाला दर ग्रॅममागे 0.4 मायक्रोग्रॅम. तापमान पिशवीच्या आतलंच नोंदवा, कारण उन्हात ती बाहेरच्यापेक्षा सहज काही अंश जास्त तापते. आत दव धरलं तर तो नमुना सरळ बाद करा.

एकाच झाडावर मात्र विसंबू नका. एकाच रानात शेजारशेजारच्या पाइनपैकी एक मुख्यतः अल्फा-पायनीन सोडतो, तर दुसरा डेल्टा-3-कॅरीन; दोन्ही मोनोटर्पीनच. हवेतले रेणू वस्तुमानावरून ओळखणारं पीटीआर-एमएस यंत्र दोन्ही 137 याच वस्तुमानावर दाखवतं. वेगळे करायला नळी आणि मिश्रणातले रेणू एकेक सुटे करणारा गॅस क्रोमॅटोग्राफच हवा.

प्रश्न : जुलैत मोजून बाकीचे महिने तापमानाच्या सूत्राने काढले तर?

उत्तर : सूत्र कामाचं आहे : 30 अंशांवरचं उत्सर्जन गुणिले ई (सुमारे 2.718 ही संख्या) चा घात 0.09 (तापमान − 30). दर 10 अंशांना सुमारे अडीच पट. पण ते 30 अंशांवरचं मूळ उत्सर्जनच ऋतूगणिक बदलतं. दक्षिण फिनलंडमधल्या ह्युटियालाच्या स्मिअर-2 या वन-संशोधन केंद्रावर वसंतातल्या कळ्या आणि वाढत्या सुया पक्व सुयांपेक्षा वजनामागे कितीतरी जास्त सोडताना दिसल्या. जुलैचा आकडा वसंतासाठी हमखास फसवेल. शिवाय बर्फ वितळताना आणि शरदात नव्या पानगळीनंतर जमिनीवरचा पाचोळाही उत्सर्जन करतो, त्यासाठी जमिनीवर वेगळा कक्ष लावा. कळ्या फुगल्यापासून सुया पुऱ्या लांब होईपर्यंत निदान दर आठवड्याला मोजा. थंडीत प्रमाण फार कमी असतं, तेव्हा तेवढ्याच प्रवाहाने नळी दोन-तीन तास चालू ठेवा.