आम्ही पाच-सहा जण पदरमोड करून ऑनलाइन वाङ्मयीन अंक काढणार आहोत; तो वर्षानुवर्षं टिकवायचा तर आधी काय सांभाळायचं?

अंकांची संख्या कमी ठेवा आणि डोमेन (संकेतस्थळाचं नोंदवलेलं नाव) एकाच माणसाच्या ईमेलवर अडकू देऊ नका. तुम्ही म्हणता तसं पाच-सहा जणांनी पदरमोड करून चालवायचं तर मासिकाच्या फंदात पडूच नका, वर्षाला एक-दोन अंक पुष्कळ झाले. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून मराठी वाचकाला दिवाळी अंकाची सवय आहे, तिचा फायदा घ्या. एका छोट्या अंकाचं मुद्रितशोधन काही वर्षं केलंय, त्यावरून सांगतो: साहित्य येतं हो, माणसं थकतात ती ‘कि’चं ‘की’ आणि ‘आणी’चं ‘आणि’ करताना. हे काम आळीपाळीने वाटून घ्या.

बाकी तांत्रिक बाजू:
- .कॉम डोमेनची मुदत आणि सवलतीचे दिवस उलटले, की ते जादा पैसे भरून सोडवायला फक्त ३० दिवस मिळतात. मुदतीची सूचना संपादक मंडळ सोडून गेलेल्या मित्राच्या मेलवर गेली, की कारभार आटोपलाच.
- मजकूर युनिकोडमध्येच (सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेतात) ठेवा. कृतिदेव या युनिकोडपूर्व फाँटमधला जुना मजकूर तो फाँट नसेल तिथे आज नुसती अगम्य चिन्हं दिसतो.
- प्रत्येक अंक वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संग्रहावर) साठवा, शिवाय पीडीएफ दोघातिघांकडे ठेवा.

मात्र लेखकांना मानधन द्यायचं असेल (द्यावंच खरं तर), तर नुसत्या पदरमोडीवर भागणार नाही. मग वर्गणीदार किंवा देणगीदार पहिल्या अंकाआधीच जमवा.