आईचा विषाणू बाळापर्यंत पोचू नये म्हणून

प्रश्न : पाचवा महिना आहे. तपासणीत एचआयव्ही निघाला, गोळ्या चालू झाल्या. पण उचल घेतलीय, दिवाळीनंतर दोघांना ऊसतोडीला जावंच लागेल. बाळाला लागण होईल का? (धारूर तालुका)

ताई, उपचारच नसतील तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावर पाजणं मिळून १५ ते ४५ टक्के बाळांना लागण होते. गोळ्या रोज घेतल्या तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं. मला धास्ती आहे ती फडावर गोळ्या संपण्याची. निघण्याआधी एआरटी केंद्रात, म्हणजे जिथून एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, तारखेसकट सांगा. जास्त महिन्यांच्या गोळ्या आणि कारखान्याजवळच्या केंद्रासाठी चिठ्ठी मागून घ्या. मुकादमाला कारण सांगायची गरज नाही. विश्वासाने कळलेली ही गोष्ट तुमच्या संमतीशिवाय कुणाला सांगायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मनाई आहे. आठव्या महिन्यात व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) तपासा आणि जमेल तसं त्याआधीच गावी परता. बाळंतपण दवाखान्यातच हवं, कारण बाळाला जन्मल्याबरोबर नेव्हिरापिनचं औषध सुरू होतं, ते किमान सहा आठवडे चालतं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या. गुटी, मध, वरचं दूध काही नको. दोन्ही एकत्र दिल्याने धोका वाढतो. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्त घेतात, ती तपासणी चुकवू नका. शंका आली तर १०९७ वर फोन करा, पैसे लागत नाहीत.

प्रश्न : मला कावीळ ब (हिपॅटायटिस बी) आहे. बाळंतपण माहेरी लातूरला आहे. सासूबाई म्हणतात, अंगावर पाजू नको. (परळी)

पाजा. दुधातून ही कावीळ जात नाही, हे सासूबाईंना माझ्या नावाने सांगा. खरी घाई पहिल्या दिवसाची आहे. २४ तासांच्या आत बाळाला लस आणि शक्यतो १२ तासांच्या आत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, मिळायला हवं. जन्मतःच लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत ती कायमची घर करते. म्हणून लातूरच्या दवाखान्यात आधीच फाईल दाखवा आणि हे इंजेक्शन तिथे आहे ना, विचारा. तुमचा व्हायरल लोड दोन लाखांवर असेल तर सातव्या महिन्यात विषाणू दाबणारं टेनोफोविर हे औषध सुरू करतात. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांची पेंटाव्हॅलंट लसही (हिच्यात कावीळ ब ची लस असते) तितकीच महत्त्वाची.

प्रश्न : धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. रुबेलाची लस आत्ता घ्यावी का? (नांदेड)

हो, आत्ताच घ्या. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रुबेला (जर्मन गोवर) झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांना इजा होते. लसीनंतर एक महिना दिवस राहू देऊ नयेत. गरोदरपणात ही लस देत नाहीत.